पाच पगार आणि एक तालुका

प्रश्न थोडक्यात असा. कोकणातल्या एका तालुक्यात, ज्यांना वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ काम मिळालेलं नाही अशांसाठी रोजगार सहाय्य केंद्र उभं करायचंय. पाच माणसांचे पगार तीन वर्षं निघतील एवढी तजवीज झाली आहे, काम जिल्ह्याच्या सरकारी केंद्राशी जोडून चालायचं आहे. माणसं कोणती घ्यावीत, किती शिकलेली, आणि एकेकाच्या गळ्यात किती उमेदवार बांधावेत? विचारणाऱ्या ताईंनी सोबत कच्चा तक्ताही पाठवलाय: एक केंद्रप्रमुख, एक समुपदेशक, दोन संगणक चालक, एक शिपाई.

तक्ता वाचून हसू आलं. मी सरकारी रोजगार विनिमय कार्यालयांच्या खात्यात चिकटलो तेव्हा आमच्या कार्यालयाची मांडणी जवळजवळ अशीच होती, फक्त संगणकाच्या जागी टाइपरायटर होते. सव्वीस वर्षं कोकणातल्याच दोन-तीन कार्यालयांत काढली, निवृत्तीनंतर काही वर्षं एका संस्थेबरोबर गावोगाव फिरलो. खालचं बरंचसं उत्तर त्या फिरण्यातलं आहे.

माझा तक्ता असा: तीन माणसं उमेदवारांना धरून ठेवायला, एक माणूस मालकांकडे फिरायला, एक माणूस कागद, नोंदी आणि फोन बघायला. केंद्रप्रमुख वेगळा नको. तिघांतला जो मुरलेला असेल त्याच्याकडे ते काम द्या आणि त्याचे उमेदवार थोडे कमी करा. शिपाई नको, चहा खालच्या टपरीवरून येतो. प्रत्येकाकडे चाळीस उमेदवार. पंचेचाळीस झाले तर चालवून घ्या, पन्नासाव्याला मात्र थांबायला सांगा. म्हणजे एका वेळी सगळे मिळून ११० ते १२० लोक. ‘तालुक्यात तर हजारो बेरोजगार आहेत’ असं बैठकीत कोणीतरी म्हणेलच. म्हणू द्या.

चाळीसच का, ते कागदावर मांडून बघा. महिन्याचे २२ दिवस, दिवसाला कामाचे साडेसात तास, एकूण १६५ तास. चाळीस जणांना पंधरवड्यातून एकदा अर्धा तास समोर बसवून भेटायचं तर ४० तास गेले. आठवड्याला दहा मिनिटांचा एक फोन, २७ तास. महिन्यातले सहा दिवस वाड्यांवर जाणं, त्यातला प्रवास, माणूस घरी नाही म्हणून पडवीत वाट बघणं, त्याच्या आईशी बोलणं, असे ४० तास. उमेदवाराबरोबर बँकेत, दवाखान्यात, मुलाखतीला जाणं, ३० तास. नोंदी लिहिणं आणि आठवड्यातून एकदा पाचांनी एकत्र बसून अडलेल्या माणसांवर बोलणं, २५ तास. झाले १६२. आता चाळीसच्या जागी १५० माणसं टाका. नुसत्या भेटींचे १५० तास होतात. मग काय घडतं, तर भेट पाच मिनिटांवर येते, वाडीवर जाणं बंद होतं आणि काम उरतं ते ‘आला, सही केली, गेला’ एवढं. आळस कोणाचाच नसतो, भागाकारच तसा पडतो.

बाहेर देशांत हे मोजून बघितलंय. जर्मनीत दीर्घकाळ बेरोजगारांच्या भत्त्याच्या कायद्यातच प्रमाण घातलंय: २५ वर्षांखालच्या ७५ जणांमागे एक कर्मचारी, त्यावरच्या वयाला १५० मागे एक. २००७ पासून तिथल्या १४ स्थानिक रोजगार कार्यालयांत जादा माणसं नेमून हे प्रमाण सरासरी चाळिसाला एक असं खाली आणलं. त्या भागांत लोक लवकर कामाला लागले, आणि वाचलेल्या भत्त्यातून जादा पगारांचा खर्च साधारण दहा महिन्यांत भरून निघाला. फ्रान्समध्ये त्याच सुमाराला मोठा प्रयोग झाला. नेहमी कर्मचाऱ्यामागे १२० च्या आसपास लोक असत; प्रयोगात सरकारी कर्मचाऱ्यांना फक्त चाळीसेक दिले, आणि दुसऱ्या गटातले लोक खासगी एजन्सीकडे सोपवले. सरकारी कर्मचाऱ्यांचा परिणाम खासगीच्या जवळपास दुप्पट निघाला. ज्यांना ‘हे सगळं एजन्सीला देऊन टाका’ असं वाटतं त्यांना हा निकाल दाखवा.

पण जर्मनीचं गणित आपल्याकडे जसंच्या तसं बसत नाही. तिथं माणूस कामाला लागला की भत्ता थांबतो आणि तिजोरीत पैसे राहिलेले दिसतात. आपल्याकडे भत्ताच नाही, म्हणून बचतही दिसत नाही. कोकणातला बेरोजगार सरकारच्या नव्हे, आईच्या काजूच्या पैशांवर, बहिणीच्या पगारावर, मुंबईच्या भावाच्या मनीऑर्डरवर जगतो. नुकसान सगळं घराच्या आत होतं, त्याचा आकडा अर्थ खात्याच्या टेबलावर जातच नाही. त्यामुळे या कामाला माणसं मागताना ‘सरकारचे पैसे वाचतील’ हा मुद्दा लावू नका, पहिल्याच प्रश्नात उघडे पडाल. एक छोटा अपवाद: कारखान्यातून नुकत्याच सुटलेल्या, कर्मचारी विमा असलेल्या कामगारांसाठी २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. लोटे-परशुरामच्या पट्ट्यातल्या किती कामगारांना ही ठाऊक असते, ते विचारून बघा. कागद बघणाऱ्या माणसाला ही योजना पाठ हवी.

आपली कार्यालयं अशी का झाली, याबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण तुमचा तक्ता त्याच साच्यातून निघालाय. रोजगार विनिमय कार्यालयांची ही सेवा १९४५ मध्ये सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी. पुढे फाळणीचे निर्वासित, मग सगळेच. १९५६ च्या नोव्हेंबरपासून रोजचा कारभार राज्यांकडे आला, आणि १९५९ च्या कायद्यानं सरकारी आस्थापनांवर आणि २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांवर रिक्त जागा कळवण्याचं बंधन घातलं. कळवण्याचं, आम्ही पाठवलेल्यांतूनच माणूस घ्यावा असं नव्हे. म्हणून आमचं काम झालं याद्या पाठवण्याचं. जागा आली, ज्येष्ठतेनं नावं काढा, ‘कॉल’ पाठवा. घरोघरी एम्प्लॉयमेंटचं कार्ड देवघरात ठेवलेलं असायचं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कार्यालयाकडून नावं मागवाच, पण वर्तमानपत्रातही जाहिरात द्या आणि पात्र असेल त्या सगळ्यांचा विचार करा. ते न्याय्यच होतं. फक्त त्यानंतर कॉलची किंमत उतरली. आता नोंदणी राज्याच्या महास्वयम पोर्टलवर घरबसल्या होते, केंद्राच्या राष्ट्रीय पोर्टललाही २०१५ पासून दहा वर्षं उलटली. याद्या करायला माणूस लागतच नाही. मग दोन संगणक चालक कशाला?

कोणाला चाळिसांत घ्यायचं, हा खरा अवघड भाग. नोंदणीच्या यादीवरून सुरुवात केलीत तर पहिले दोन महिने वाया जातील. निम्मे नंबर बदललेले, काही जण पुण्यात कामाला लागलेले, काहींची लग्नं होऊन तालुका बदललेला. मी गावात जाऊन अंगणवाडी सेविकेला, पोस्टमनला आणि रास्त धान्य दुकानदाराला विचारायचो. पोस्टमनइतकी पक्की माहिती कोणाकडे नसते. कोणाचं येणं बंद झालं ते त्याला आधी कळतं.

आणि इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडे वर्षभर अजिबात हात न हलवलेला माणूस क्वचित सापडतो. जानेवारी ते मे आंब्याच्या बागेत पेट्या भरतो, जूनमध्ये लावणीला जातो, ऑक्टोबरमध्ये कापणी, मधे कोणाच्या घराचे चिरे वाहतो. तरी विचारा ‘काय करता?’, उत्तर येईल ‘काय नाय, घराकच आसय.’ तो स्वतःला बेरोजगार समजतो आणि त्याचं बरोबर आहे, कारण यातल्या कशावरही कोणी त्याला मुलगी देत नाही, बँक कर्ज देत नाही. पण रोजगाराच्या सरकारी पाहणीच्या व्याख्येत हा कामाला लागलेला धरला जाऊ शकतो. तुमच्या केंद्राची व्याख्या सैल ठेवा: बारा महिने महिन्याच्या पगाराचं किंवा स्वतःच्या उत्पन्नाचं पक्कं साधन नाही, आणि हवं आहे.

असे लोक मला मुख्यतः चार तऱ्हेचे भेटले. पहिले मुंबईहून परतलेले, चाळिशी-पन्नाशीचे. १९८२ च्या गिरणी संपानंतर अशी एक लाट आली होती, २०२० च्या टाळेबंदीत दुसरी आली. यांना काम येतं, पण ते काम इथं नाही, आणि गावात हलकं काम करताना चारचौघांत मान खाली जाते असं वाटतं. दुसरे भरतीवाले. पोलीस भरती, तलाठी, जिल्हा परिषद. पोलीस सोडून बाकीच्या बहुतेक भरत्यांत खुल्या वर्गाला ३८ आणि राखीवला ४३ ही वयोमर्यादा असल्यानं आशा तिशीनंतरही सुटत नाही आणि सोडावी असं कोणी सांगतही नाही. तिसऱ्या डी.एड., बी.एड. झालेल्या बाया. २०१२ नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षं अडकली, त्यात या मुलींची लग्नं झाली, मुलं झाली, आणि पदविका कपाटात गेली. चौथे ज्यांच्या मागे दुखणं, दारू, अपंगत्व किंवा घरातलं आजारपण आहे. हे चौथे कार्यालयात येतच नाहीत. त्यांच्यासाठीच वाडीवरचे ते सहा दिवस.

यातल्या पहिल्या तऱ्हेच्या एका माणसाचं सांगतो, कारण त्यात चूक माझी आहे. ठाण्याच्या बाजूला वीस वर्षं लेथवर काम केलेला कारागीर. कारखाना बंद पडला, गावी आला, चार वर्षं तसाच. मी त्याला एका औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये लावून दिलं. दोन दिवसांत सोडून आला. दुसरीकडे पाठवलं, गेलाच नाही. रोजगार मेळाव्याला बोलावलं, आला नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘काम करण्याची इच्छा दिसत नाही.’ निवृत्तीनंतर संस्थेच्या कामात त्याच वाडीवर जाणं झालं. पहिल्या दोन भेटींत इकडचं तिकडचं. ‘माका आता कोण कामाक ठेवतलो?’ एवढंच. तिसऱ्या वेळी मी बसलो असताना मुलीनं शाळेचा कागद सहीला आणला, आणि यानं तो हात लांब करून, मग आणखी लांब करून धरला. त्याला मोजमापाच्या व्हर्नियरवरच्या रेघा दिसत नव्हत्या. वीस वर्षांचा कारागीर, नव्या पोरांसमोर ते कबूल कसं करणार? एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन सरकारी रुग्णालयात फुकट झालं, चष्मा लागला, आणि दोन महिन्यांनी तो एका बोटदुरुस्तीच्या कारखान्यात शाफ्ट घडवायला लागला. माझी ती नोंद मात्र रजिस्टरात तशीच राहिली असणार.

ही गोष्ट तिसऱ्या भेटीत कळली, आणि तिन्ही भेटींना माणूस तोच होता, म्हणून कळली. दर वेळी नवा चेहरा गेला असता तर दर वेळी पहिलीच भेट झाली असती. म्हणून तुमच्या तीन जणांना तीन वर्षांचा करार द्या. अकरा महिन्यांचा करार, मधे एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने, हा आपल्याकडचा रिवाज या कामात विषासारखा आहे. मी एका केंद्रात बघितलंय: समुपदेशक मुलगी उमेदवाराशी बोलतेय आणि टेबलाखाली स्वतःच्या मोबाइलवर जाहिराती चाळतेय. तिला दोष कसा देणार, तिचा करार त्या महिन्यात संपत होता. एजन्सीमार्फत नेमणूक करायचीच असेल तर निदान हातात पडणारा पगार करारात लिहून घ्या आणि बदलीचा अधिकार एजन्सीला देऊ नका.

२०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुलं अशा केंद्रात मदतीला मिळू शकतात: बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधरांना १०,००० विद्यावेतन. घ्या, नोंदी करायला उपयोगी पडतात. पण त्यांच्या हवाली उमेदवार करू नका. शिकाऊ मुलगा काही महिन्यांनी जातो, आणि ज्याला चाळीस जणांनी मनातलं सांगितलं तो गेला की चाळीसही जातात.

आता तिघं कोण. जाहिरातीत समाजकार्याची पदवी ‘आवश्यक’ लिहू नका, ‘असल्यास प्राधान्य’ एवढंच. मला उत्तम निघालेली माणसं पदवीवरून ओळखता आली नसती. एक आयटीआयतले निवृत्त निदेशक होते. हातातली हत्यारं कशी धरतो यावरून त्यांना माणूस कळायचा. एक ‘उमेद’मध्ये बचत गटांचं काम केलेली बाई, कोणत्या घरात सासू अडवते आणि कोणत्या घरात नवरा, हे तिला दारातूनच कळायचं. आणि एक, हसू नका, पतसंस्थेचा वसुलीवाला. शांत माणूस, आवाज न चढवता तोच प्रश्न सहाव्यांदा विचारू शकणारा, आणि दार तोंडावर बंद झालं तरी पुढच्या मंगळवारी पुन्हा जाणारा. निवृत्त शिक्षकांबद्दल माझं मत वाईट आहे. अपवाद असतील, पण बहुतेक जण उमेदवाराला वर्गात बसवतात आणि स्वतः बोलतात. तिघांत किमान एक बाई हवी, दोन असल्या तर बरं.

निवडीची माझी एकच परीक्षा: अर्जदाराला एका खऱ्या उमेदवारासमोर, त्याची संमती घेऊन, अर्धा तास बसवायचं आणि नंतर विचारायचं, ‘याच्याबद्दल तुला काय कळलं?’ जो स्वतः काय सल्ला दिला ते सांगू लागतो, तो बाद. जो म्हणतो, ‘याची शेवटची नोकरी सुटली ते नीट सांगत नाहीय, पुन्हा विचारायला हवं,’ तो घ्या.

माणसं त्याच तालुक्यातली हवीत का? माझं उत्तर: बोली तीच हवी, वाडी ती नको. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात दिसलं होतं की सल्लागार आणि उमेदवार वयानं, शिक्षणानं, लिंगानं एकमेकांसारखे असले तर काम मिळण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे त्यात बोलीही धरा; मालवणीत सुरू झालेलं बोलणं पुस्तकी मराठीत आलं की माणूस आवरून बसतो. पण अगदी शेजारचा माणूस नेमलात तर दुसरं संकट. दारूचं, कर्जाचं, भावकीच्या भांडणाचं कोण सांगेल त्याला? शिवाय जातीचा आणि गावकीच्या मानपानाचा भाग आहेच, तो नाही असं समजून चालू नका. तिघं तीन समाजांतली, तीन टोकांची असली आणि उमेदवाराला माणूस बदलून मागायची मुभा असली, की बरंच सुटतं.

प्रशिक्षण पंधरा दिवसांचं पुरे, पण ते वर्गात नको. पगाराची चिठ्ठी वाचणं, भविष्य निर्वाह निधीच्या जुन्या खात्याचा गुंता सोडवणं (मुंबईहून परतलेल्यांचे अडकलेले पैसे निघाले की विश्वास जो बसतो तो भाषणानं बसत नाही), अपंगत्वाचं ओळखपत्र, किमान वेतन. मन फारच खचलेलं दिसलं तर आपण डॉक्टर व्हायचं नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात बरोबर जायचं. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. तो तिघांच्याही मोबाइलात आणि भिंतीवर, दोन्हीकडे हवा.

मालकांकडे फिरणाऱ्या माणसावर लोक सगळ्यांत कमी विचार करतात आणि मी सगळ्यांत जास्त करीन. कोकणातल्या बहुतेक जागा जाहिरातीत येतच नाहीत. काजूचा कारखाना, मासळी प्रक्रिया, आंब्याचं कॅनिंग, तारकर्ली-दापोलीची हॉटेलं, हार्डवेअरची दुकानं, खासगी दवाखाने, चिरेखाणी. मालक ओळखीनं माणूस शोधतो, नाही मिळाला तर बाहेरचा आणतो. मिरकरवाड्याला किंवा मालवणला बोटीवर जा, बागेत जा, नेपाळी माणसं भेटतील. मालकाला विचारलं तर म्हणतो, ‘आपले टिकत नाहीत, गणपतीला गेले की दिवाळीला येतात.’ यात तथ्य आहे, आणि अपमानही. फिरणाऱ्यानं त्यावर वाद घालायचा नाही, सौदा करायचा: गणपतीची सुट्टी आधीच ठरवून घ्या, पहिले पंधरा दिवस मी रोज फोन करीन, माणूस आला नाही तर दुपारपर्यंत मी त्याच्या घरी असेन. मालकाला सगळ्यांत जास्त किंमत या शेवटच्या वाक्याची असते.

दीर्घकाळ घरी बसलेल्याचा कागद मालक बाजूला टाकतो, हा काही आपल्या मनाचा खेळ नव्हे. अमेरिकेत संशोधकांनी हजारो बनावट अर्ज पाठवून बघितलं. बेकारी जसजशी लांबत गेली तसतसे मुलाखतीचे फोन कमी होत गेले, आणि ही घसरण पहिल्या आठेक महिन्यांतच बहुतेक होऊन गेली. म्हणजे आपला माणूस आपल्याकडे येतो तेव्हा कागदानं जे नुकसान व्हायचं ते झालेलं असतं. कागद सुधारत बसण्यापेक्षा मालकाला माणूस दाखवा. आठ दिवस पगारी काम करून बघा, मग ठरवा. त्या आठ दिवसांची मजुरी तुमच्या निधीतून देता आली तर फार दारं उघडतात, आणि फुकट राबवून घेण्याची सवयही मालकाला लागत नाही.

या जागेसाठी विक्रीतला माणूस बघा. औषधांचा, बियाण्यांचा, सिमेंटचा. तालुक्यातली दुकानं ज्याला तोंडपाठ आहेत असा. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला या बाजूला असाल तर त्याला गोव्याचा रस्ताही माहीत हवा. तिकडची पोरं रोज दुचाकीवर सीमा ओलांडून कामाला जातात, मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून आणखी. रोजच्या त्या प्रवासाचा खर्च आणि पावसाळ्यातले अपघात वजा करून हातात काय उरतं, याचा हिशेब उमेदवाराशी प्रामाणिकपणे करणारा माणूस पाहिजे.

स्वयंरोजगाराबद्दल थोडक्यात. नोकरी मिळेना की कार्यालयं माणसाला कर्जाकडे ढकलतात, मीही ढकललेत. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचं काम बरं आहे, प्रशिक्षण फुकट आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा. पण चार वर्षं खचलेल्या माणसाला धंद्याचं कर्ज ही पहिली पायरी नव्हे. आणि कोकणात सातबाऱ्यावर वीस-बावीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोन मयत. तारण काय ठेवणार?

कामाचं माप काय धरायचं हे आधीच ठरवा, नाहीतर देणगीदार ठरवतील. मेळाव्यात ‘प्राथमिक निवड’ झालेल्यांचा आकडा फोटोसकट छापून येतो. त्यातले रुजू किती झाले ते कोणी विचारत नाही. तुम्ही फक्त एवढंच मोजा: कामाला लागल्यावर तीन महिन्यांनी तिथंच आहे का, सहा महिन्यांनी आहे का. आणि दुसरा धोका: आकडा मागितला की कर्मचारी सोपी माणसं निवडतो. आंब्याच्या पेटीत वरच्या थराला मोठी फळं लावतात तसं. त्याला उपाय म्हणून कोण कोणाकडे जाणार ते कर्मचाऱ्यानं ठरवायचं नाही. कागद बघणारीनं आलेल्या क्रमानं वाटायचं, आणि चाळिसांत किमान दहा जण त्या चौथ्या तऱ्हेचे असलेच पाहिजेत. त्यातले तीन टिकले तरी वर्ष कारणी लागलं असं मी धरीन.

वेळापत्रक कोकणाचं ठेवा, आर्थिक वर्षाचं नको. एप्रिलमध्ये केंद्र उघडलंत तर कोणी येणार नाही: आंबा, काजू, मग लग्नं, मग चाकरमानी. जून-जुलैत मासेमारीची बंदी आणि लावणी; बंदीचे ते ६१ दिवस खलाशांना गाठायला मात्र सोन्यासारखे. तेव्हा कर्मचारी उन्हाळ्यात नेमा, पावसाळा त्यांना गावं फिरण्यात घालवू द्या, आणि उमेदवारांची पहिली तुकडी गणपतीनंतर घ्या. नोव्हेंबरपासून हॉटेलांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा मालकाला माणसं हवी असतात. भेटीची वेळ देताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. वाडीवरून सकाळी एक गाडी आणि संध्याकाळी एक, असा भाग असेल तर अकराची वेळ दिलेला माणूस साडेआठला येऊन स्टँडवर बसतो आणि त्याचा दिवस जातो. त्यापेक्षा तुमचा माणूस तिकडे गेलेला स्वस्त पडतो.

म्हणून शेवटी खर्चाच्या तक्त्यातली एक दुरुस्ती. शिपायाच्या पगारातून जे उरेल त्यातून चौघांच्या दुचाकीच्या पेट्रोलचा आणि दोन चांगल्या रेनकोटचा वेगळा रकाना करा, आणि तो महिन्याच्या महिन्याला, बिल मागण्याच्या कटकटीशिवाय, किलोमीटरवर द्या. आमच्याकडे प्रवासभत्ता चार-चार महिन्यांनी मंजूर व्हायचा, आणि तिसऱ्या महिन्यापासून सगळ्या भेटी फोनवर व्हायला लागायच्या.